मुक्ताची खाडी

कोकणात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, ‘कुठला बीच?’ आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतही तोच आला. मी म्हटलं, ‘बीच नाही, चिखल.’ गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? हडपसरला काय कमी आहे?’

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मी पाहिलेला चिखल वेगळा होता, आणि तो पाहिल्यापासून माझं इथं नीट लक्ष लागत नाही. तिकडे न गेलेल्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या काठी ते आहे, इतकं पुरे. नाव लिहू नकोस असं माझ्या मुलीनंच बजावलंय. ‘लोक येतात, चिप्स खातात आणि पाकिटं टाकून जातात,’ असं तिचं म्हणणं.

मुलीचं नाव मुक्ता. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि एका संस्थेतर्फे खाडीत कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, लावायच्या कामावर गेली. जाताना ‘सहाच महिने’ म्हणाली होती. त्याला दोन वर्षं होऊन गेली. दिवाळीला यायची, चार दिवस राहायची आणि पाचव्या दिवशी खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. या फेब्रुवारीत तिच्या बाबांनी मला सुट्टी काढायला लावली. ते कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथं शुद्ध बोलतात. घरात मात्र ते अजून अमरावतीचेच. बॅग भरताना म्हणाले, ‘जाय, अन् तिले घेऊनच ये.’

मलाही तेच हवं होतं. म्हणून मी गेले.

काठावर

स्टँडवर मुक्ता घ्यायला आली होती. उन्हानं रापलेली, केस कापून मानेपर्यंत आणलेले. मी तिला मिठी मारली तर तिच्या अंगाला एक खारट, कुबट वास. मी नाक मुरडलं ते तिनं पाहिलं. ‘दोन दिवसांत तुलाही येईल,’ म्हणाली.

ती राहते शालनकाकींकडे. साठीच्या, सडपातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा बोटीवर खलाशी होता, तो आता नाही, मुलगा गोव्यात. गावातल्या काही बायकांना हाताशी धरून त्या होडीनं लोकांना खाडी दाखवतात. मी ओसरीवर पाय ठेवला तशा म्हणाल्या, ‘येवा, बसा. आधी पेज घेवा, मगे बोला.’ उकड्या तांदळाची गरम पेज, वर खोबऱ्याचा चव, बाजूला लोणच्याची फोड. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात आणि मग चहा टाकतात. रात्रभर बसमध्ये आंबलेल्या पोटाला काय हवं असतं ते पेजेला जास्त कळतं, असं मी मनाशी कबूल केलं.

घराच्या मागे चार माड, आणि माड संपले की खाडी. मी गेले तेव्हा भरती होती. पाण्यावर नुसते हिरवे शेंडे तरंगत होते, कुणी झाडं कापून पाण्यात ठेवली असावीत तसे. दुपारी पुन्हा जाऊन पाहते तर पाणी गायब, आणि शेंड्यांच्या खाली अख्खं जंगल उभं. कांदळाची मुळं बुंध्यापासून कमानीसारखी चहूकडे उतरलेली, जणू झाड तिवईवर उभं आहे. शेजारच्या तिवराच्या झाडांभोवती चिखलातून बोटाएवढी मुळं सरळ वर आलेली, हजारोंनी.

‘नाकं आहेत ती,’ मुक्ता म्हणाली. ‘या गाळात हवा नसते. म्हणून झाड मुळांनी वरून श्वास घेतं.’

मी वऱ्हाडातली. नदी म्हणजे एका बाजूनं येते आणि दुसऱ्या बाजूला जाते, हे मला माहीत. आमच्या गावची तर उन्हाळ्यात कुठंच जायची नाही. इथं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, आणि त्याच्या जाण्यायेण्यावर माणसं स्वयंपाक, बाजार, लग्नाचं बोलणं सगळं ठरवतात. मला ते जवळून बघायचं होतं, म्हणून मी दोन पावलं पुढं टाकली. तिसरं पाऊल घोट्यापर्यंत गेलं, चौथं गुडघ्यापर्यंत. मुक्तानं हात धरून मला ओढून काढलं. पाय आला, चप्पल आली नाही.

‘राहू दे,’ मुक्ता शांतपणे म्हणाली. ‘ती आता खाडीची झाली.’

पुण्यात वाढलेली मुलगी. तो पुणेरी सूर कुठे जाणार!

रात्री जेवायला तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले होते. एका शिंपल्यात मांस ठेवून दुसरा काढून टाकतात, आणि खोबऱ्या-तिरफळाच्या वाटणात शिजवतात. मला शिंपला धरायचा कसा हेच कळेना. शालनकाकी आणि मुक्ता दोघी बोटांच्या एका हालचालीत शिंपले रिकामे करत होत्या. दोघींच्या ताटांशेजारी सारखेच ढीग. मी घरून ज्वारीचं पीठ आणि ठेचा नेला होता. काकींनी ठेच्याचं बोट चाटलं आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाल्या, ‘गो बाय माझे! ह्यो ठेचो काय इस्तो?’ विस्तवाला तिकडे इस्तो म्हणतात. तरीही त्यांनी दुसऱ्यांदा घेतला.

मुक्ता हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी घरात बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते मला टोचलं.

पाण्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्तानं मला छोट्या होडीत बसवलं. वल्हं तिच्याच हाती. ‘काकी नाही येणार?’ मी विचारलं. ‘नाही. आज आपण दोघीच,’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काहीतरी राखून ठेवल्यासारखं वाटलं.

मोठ्या पाण्यातून ती होडी एका अरुंद फाट्यात वळली. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना टेकलेली, खाली पाणी चहासारखं. आवाज म्हणजे वल्ह्याचा आणि कुठे तरी आत काहीतरी ‘टुक’ करून मिटल्याचा. एक खंड्या फांदीवरून सुटला आणि आमच्या पुढं निळी रेघ ओढत गेला. मुक्तानं तिवराचं पान तोडून मला दिलं. ‘चाट.’ मी चाटलं. मीठ! अगदी दिसेल असं, बारीक कणांचं. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

पुढं कांदळाच्या फांद्यांना हिरव्या, शेवग्यासारख्या लांब शेंगा लोंबत होत्या. मुक्ता म्हणाली, ‘शेंगा नाहीत, ही रोपं आहेत. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. रोप आईच्याच अंगावर वाढतं, तयार झालं की खाली पडतं, आणि पाण्याबरोबर जिथं जाईल तिथं...’

ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आई, प्लीज. यावर काही बोलू नकोस.’

‘मी कुठं काय बोलले?’

‘मराठीच्या बाई आहेस. चेहऱ्यावर दिसतंय.’

आम्ही दोघी हसलो. पण माझी नजर त्या लोंबत्या रोपांवरून हलेना.

फाटा संपला तिथं उघडं मैदान होतं, चिखलाचं. त्यात बांबूच्या काठ्यांच्या रांगा. प्रत्येक काठीला एक वाळकं रोप बांधलेलं, त्यावर पांढरे खडबडीत शिंपले चिकटलेले. मुक्तानं वल्हं वर घेतलं.

‘हे माझं काम,’ ती म्हणाली. ‘संस्थेनं जागा ठरवली, मी रोपं लावली. गावातल्या बायका माझ्याबरोबर चिखलात उभ्या राहिल्या. फोटो निघाले. एका पावसाळ्यात सगळं मेलं. परत लावलं, परत मेलं. इथं कांदळ कधी नव्हतंच, आई. लाटा सरळ आत येतात. जिथं ते कधी आलं नाही तिथं का आलं नाही, हे आधी कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.’

शाळेत पोर नापास झालं की मी पाठीवर हात ठेवते. इथं मध्ये होडीची फळी होती.

मग ती मला आणखी आत घेऊन गेली. एक जुना मातीचा बांध लागला. पूर्वी खारं पाणी अडवून त्यामागे भात घ्यायचे. ही जमीन शालनकाकींची. भात कधीच बंद पडलेलं. बांधामागे पाणी साचून नुसतं सडत होतं. मुक्तानं काकींना बांध फोडायला सांगितलं. गाव हसलं. काकी म्हणाल्या, ‘भात तर होयत नाय. निदान कुर्ल्यो तरी गावतल्यो!’ कुर्ल्या म्हणजे खेकडे. आणि त्यांनी बांधाला खिंड पाडू दिली.

त्या खिंडीतून आम्ही आत शिरलो. आत वीतभर, हातभर उंचीची तिवरं आणि कांदळं, कशीही, कुठंही. कुणी रांग धरलेली नाही, कुणी काठी बांधलेली नाही.

‘इथं आम्ही एकही रोप लावलं नाही,’ मुक्ता हळूच म्हणाली. ‘पाण्याला फक्त वाट दिली. बाकी सगळं पाण्यानं आणलं.’

ती बोलत होती तेव्हा मी रोपांकडे पाहत नव्हते. मी तिच्याकडे पाहत होते. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर काढायच्याही आधी काहीतरी सांगायची, तेव्हा असा चेहरा व्हायचा. तो परत दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि या बघण्यात आम्हाला वेळेचं भान राहिलं नाही. ओहोटी सुरू झाली होती. मुक्तानं वल्हं मारलं ते चिखलाला लागलं. होडी हलेना.

गाळात

‘आता?’ मी म्हटलं.

‘आता काही नाही. पाणी परत येईपर्यंत बसायचं.’

‘उतरून चालत जाऊ.’

‘तुझी एक चप्पल गेलीये. इथं तू सगळीच जाशील.’

म्हणून बसलो. डोक्यावर मी पदर घेतला, तिनं टोपी. वर ऊन, खाली गाळ, आणि गाळाचा तो कुजक्या अंड्यांसारखा वास. पहिल्या घटकेला वाटलं, जीव जाईल. मग आम्ही गप्प बसलो म्हणून असेल, पण गाळ जागा झाला. बिळांतून छोटे खेकडे निघाले. प्रत्येक नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी लालभडक, अंगापेक्षा मोठी. ती वर करून ते एकमेकांना बोलावत होते की धमकावत होते कोण जाणे. निवट्या नावाचे मासे पंखांवर रेलून चिखलातून चक्क चालत होते, मध्येच उडी मारत होते. बगळा एकेक पाऊल मोजून टाकत होता. मुळांना कालवं चिकटलेली. मुक्ता सांगत होती, समुद्रातली कितीतरी मासळी लहान असताना इथं या मुळांमध्ये लपून वाढते. मला वाटायचं चिखल म्हणजे काही नसलेली जागा. तिथं पाय ठेवायला रिकामी जागा नव्हती.

लांब बांधावर एक लाल लुगडं दिसलं. शालनकाकी! दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी आमची अवस्था पाहिली आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की बगळा उडाला. ‘ऱ्हवा थयच!’ त्या ओरडल्या. ‘पाणी येतला तेवा येवा!’ आणि चालू लागल्या.

काकी दिसेनाशा झाल्यावर मुक्ता म्हणाली, ‘आई, मी तुझ्याबरोबर पुण्याला येतेय. कायमची. तेच सांगायला तुला इथं आणलं.’

ज्यासाठी आले होते ते न मागता हातात आलं होतं.

‘संस्थेचं काम पुढच्या महिन्यात बंद होतंय,’ ती म्हणाली. ‘खराडीला एका कंपनीत नोकरी मिळतेय. बांधकामं होतात ना, त्यांचे पर्यावरणाचे अहवाल लिहायचे. ऑफिसात बसून.’

‘आणि हे?’ मी त्या रोपांकडे हात केला.

‘काकी म्हणतात, राहा. आमच्याबरोबर होडी चालव, लोकांना खाडी समजावून सांग, खाडीत वर असेच आणखी दोन जुने बांध आहेत, त्यांचं काम करू. मिळेल त्यात तुझा वाटा. पण बाबांना काय सांगू? मुलगी एम.एस्सी. करून वल्हं मारते? आणि माझी रोपं मेली, आई. दोन वर्षं. हे एवढं आलं, ते तर माझं नाहीच.’

‘तुला यायचंय का?’ मी विचारलं.

एक निवटी होडीपर्यंत आली, आमच्याकडे डोळे फिरवून बघितलं आणि गेली.

माझ्या तोंडावर आलं होतं, चल. आपल्या घरी चल, मी तुझी खोली झाडून ठेवलीये. पण मी बोलले ते भलतंच. मी तिला मार्केट यार्डाचं सांगितलं. लग्न होऊन हडपसरला आले तेव्हा मला तिथलं काहीच आवडायचं नाही. माती लाल नाही की काळी नाही. घरात लागणारी तूरडाळ घ्यायला म्हणून मी मार्केट यार्डात जायची आणि भुसाराच्या गाळ्यांसमोर उभी राहायची. पोत्यांवर गावांची नावं छापलेली असायची. दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर. ती वाचत उभी राहायची. हमाल म्हणायचे, ‘ताई, सरका.’ मी सरकायची आणि पुढच्या थप्पीवरची वाचायची. एखाद्या पोत्याला आमच्याकडच्या मातीचा वास यायचा. तेवढ्यावर महिना जायचा.

‘तू कधी सांगितलं नाहीस,’ मुक्ता म्हणाली.

‘काय सांगायचं त्यात? मला परत जायला जागाच नव्हती. शेत विकलेलं, आई-बाप गेलेले. पण तू...’ मी घाईघाईनं बोलले, ‘तिवराची पोती मार्केट यार्डात येत नाहीत, मुक्ता. तू कुठं जाऊन उभी राहशील?’

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी फळी ओलांडून तिच्या बाजूला गेले, होडी एका अंगाला कलली, आणि आम्ही तशाच तिरक्या बसून राहिलो.

मग खिंडीच्या तोंडाशी पाण्याची एक जीभ आत आली. आधी नखाएवढी, मग हातभर. खेकडे बिळात गेले. पाणी रोपांच्या मधून मधून वाट काढत आलं आणि होडीच्या खालून गेलं. होडी एकदा करकरली आणि उचलली गेली. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, आज भरती आली नसती तरी चाललं असतं.

मुक्तानं वल्हं उचललं. ‘बाबांना तू सांगशील?’ तिनं विचारलं.

‘काय सांगू?’

‘की मी वरचे दोन बांध बघितल्याशिवाय येत नाही.’

परत

आणखी दोन दिवस राहिले. शालनकाकींनी मला शिंपला धरायला शिकवलं. मी त्यांना भाकरी थापायला. त्यांची ज्वारीची भाकरी कडेला फाटायची, मी म्हणायची ‘होईल,’ त्या म्हणायच्या, ‘नाय होयत, बाय. तांदळाचीच बरी.’ संध्याकाळी मुक्ता आणि त्या नकाशा मांडून बसायच्या, बांध कुठं फोडायचा यावर भांडायच्या. मी माडाला टेकून ऐकायची. माझ्या मुलीच्या तोंडी मालवणी हेल आला होता. कुठून आला, कधी आला, मला कळलंच नव्हतं. तिची भाषा बदलत होती तेव्हा मी हडपसरला पोरांच्या वह्यांतली ऱ्हस्व-दीर्घं सुधारत होते.

निघायच्या दिवशी मुक्ता स्टँडवर आली. बस लागली तेव्हा मी पटकन म्हटलं, ‘चल ना.’ बोलून गेले. ती हसली नाही, रडली नाही. माझी पिशवी आत ठेवली, खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभी राहिली. बस सुटली तरी हात तसाच वर. मी वळणापर्यंत मान वाकडी करून पाहिलं. मग माझ्या साडीला नाक लावलं. तिनं सांगितलेला वास आला होता.

घरी फोनवर मी काही बोलले नव्हते. ‘निघाले, पहाटे कात्रजला उतरते,’ एवढंच.

कात्रजला अजून नीट उजाडायचं होतं. दुधाच्या गाड्या निघाल्या होत्या. मुक्ताचे बाबा स्वेटर घालून उभे. शेजारी रिक्षा थांबवून ठेवलेली. मी उतरले. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि माझ्या मागे बसच्या दाराकडे पाहत राहिले. आणखी दोन माणसं उतरली. कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

‘अरे, थांबा!’ ते पुढं झाले. ‘आत झोपली असंन ती. पोरगी आहे आमची.’

‘अहो,’ मी त्यांचा दंड धरला. ‘ती राहिली तिकडं. मीच राहा म्हटलं.’

बस गेली. ते माझ्याकडे बघत होते. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘बरी आहे ना पण?’

‘बरी आहे. खूप बरी आहे.’

रिक्षावाल्यानं विचारलं, ‘काका, तिघं म्हणाला होतात ना?’

‘दोघंच,’ ते म्हणाले.

आम्ही दोन कडांना बसलो. रिक्षा कोंढव्याच्या रस्त्याला लागली. मग ते बाहेर बघतच म्हणाले, ‘आता काय करत असंन ती?’

‘भरती असेल तर होडी घेऊन गेली असेल. ओहोटी असेल तर चिखलात.’

‘मग आता काय आहे तिकडं? भरती का ओहोटी?’

‘मला नाही माहीत. वेळ रोज पुढं सरकते म्हणे.’

त्यांनी थोडा विचार केला. ‘मंग आपल्याले इथं कसं कळंन?’

‘तिला विचारावं लागेल,’ मी म्हटलं. ‘रोज.’

त्यांनी खिशातून फोन काढला.